सेबन ते डीबोर : अलाबामा विद्यापीठातील प्रशिक्षकपदाचे स्थित्यंतर

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केली. दोनच दिवसांत, १२ जानेवारीस, वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक केलन डीबोर यांची त्यांच्या जागी नेमणूक झाली. तेव्हापासून या दोघांची तुलना अखंड चालू आहे आणि ती बहुतांशी जय-पराजयांच्या आकड्यांवर केली जाते. ही तुलना एका गृहीतावर उभी आहे. दोघांनी एकच पद भूषविले, असे ते गृहीत होय. या पदाचा इतिहास तपासला असता ते टिकत नाही. पदाचे नाव तेच राहिले. त्यामागील अधिकार मात्र सेबन यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या तीन वर्षांतच विरू लागला होता.

येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. अलाबामा राज्यात राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉल लीगचा एकही संघ नाही; त्यामुळे टस्कलूसा येथील विद्यापीठाचा संघ हाच राज्याच्या अभिमानाचा विषय ठरला. सुमारे एक लाख प्रेक्षक बसतील असे मैदान विद्यापीठाच्या आवारात आहे. २००७ साली सेबन यांच्याशी झालेला करार आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचा होता. विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या वेतनाशी या रकमेचा ताळा घालण्याचा मोह आवरलेला बरा. तथापि सेबन येण्याच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास असलेली विद्यार्थिसंख्या पुढील दशकात अडतीस हजारांवर गेली आणि परराज्यांतील विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. या वाढीमागे परराज्यांतील विद्यार्थ्यांना दिलेल्या सवलतींचाही वाटा होता. पण संघाची कीर्ती हे त्याचे एक कारण होते, हे नाकारता येत नाही.

थोर प्रशिक्षकाच्या गादीवर बसण्याचा प्रसंग या विद्यापीठात पूर्वीही आला होता. पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षे संघाचे नेतृत्व केले आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. सरावाच्या मैदानावर त्यांनी एक उंच मनोरा उभारला होता. त्यावरून ते सराव न्याहाळीत. २९ डिसेंबर १९८२ रोजी त्यांचा अखेरचा सामना झाला आणि चारच आठवड्यांनी, २६ जानेवारी १९८३ रोजी, त्यांचे निधन झाले. उत्तराधिकारी रे पर्किन्स हे ब्रायंट यांचेच जुने खेळाडू. त्यांनी गुरूची आक्रमणपद्धती बदलली आणि मनोराही हलविला. या मनोऱ्याबद्दल लोकांच्या मनात जो सल राहिला, तो एखाद्या पराभवाने राहिला नसता. पुढे १९८४ च्या हंगामात संघाने पाच सामने जिंकले व सहा गमावले. १९५७ नंतरचा हा पहिला तोट्याचा हंगाम. त्यातील एक पराभव व्हँडरबिल्ट या दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून झाला. ब्रायंट ते सेबन या चोवीस वर्षांत सात जणांची नियमित नेमणूक झाली; त्यांपैकी एकास तर एकही सामना न खेळविता पद सोडावे लागले. या काळात राष्ट्रीय विजेतेपद एकदाच, १९९२ साली, लाभले.

पर्किन्स यांच्या अडचणी ब्रायंट यांच्या छायेतून निर्माण झाल्या होत्या. खेळाडूंवरील प्रशिक्षकाची सत्ता मात्र त्यांना जवळजवळ जशीच्या तशी मिळाली होती. डीबोर यांच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही.

सेबन यांचा जन्म १९५१ साली वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या खाणींच्या राज्यात झाला. केंट स्टेट विद्यापीठात ते डॉन जेम्स यांच्या हाताखाली खेळले व तेथेच प्रशिक्षणाकडे वळले. (हेच जेम्स पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात अठरा हंगाम प्रशिक्षक होते. डीबोर याच विद्यापीठातून अलाबामात आले, हा योगायोग लक्षणीय आहे.) मिशिगन स्टेट येथे असताना १९९८ साली मानसोपचारशास्त्राचे अध्यापक लायोनेल रोझेन यांच्या साहाय्याने सेबन यांनी एक विचार पक्का केला: खेळाडूने धावफलकाकडे न पाहता समोरच्या एकाच खेळीकडे लक्ष द्यावे. पुढे 'द प्रोसेस' म्हणजे 'प्रक्रिया' या नावाने तो प्रसिद्ध झाला. अलाबामातील सतरा हंगामांत त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यापूर्वी लुइझियाना स्टेट येथे २००३ साली एक मिळविले होतेच.

'प्रक्रिये'विषयी भरपूर लिहिले गेले आहे. ती ज्या नियमांवर उभी होती, त्यांविषयी त्या मानाने कमी. दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या खेळाडूस सामान्यतः एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. शिष्यवृत्तीपलीकडे त्यास मोबदला घेता येत नसे. अशा स्थितीत अत्यंत गुणी खेळाडूही दोन-तीन वर्षे राखीव बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहत. मॅक जोन्स २०१७ साली अलाबामात दाखल झाला. त्याच्या पुढे क्वार्टरबॅकच्या जागी जेलेन हर्ट्स आणि टुआ टागोव्हायलोआ होते. ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात सेबन यांनी मध्यंतरानंतर हर्ट्सला बाजूस ठेवून नवख्या टागोव्हायलोआला उतरविले आणि जॉर्जियाविरुद्धचा सामना २६-२३ असा जिंकला. एवढ्यावरही हर्ट्स आणखी एक हंगाम थांबला. जोन्सची पाळी २०१९ च्या उत्तरार्धात आली आणि २०२० साली त्याने संघास अजिंक्य केले. ही वाट पाहण्याची वृत्ती सेबन यांनी घडविली हे खरे. परंतु निघून जाण्याची मोठी किंमत नियमांनीच ठेवलेली होती, हेही तितकेच खरे.

२०२१ साली हा पाया खचला. त्या वर्षी पहिल्या स्थलांतरानंतर लगेच खेळण्याची मुभा सर्वसाधारण झाली. २१ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादांच्या खटल्यात राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्ध (एनसीएए) एकमताने निर्णय दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी उपयोगाचा मोबदला घेता येऊ लागला. २०२४ च्या वसंतात स्थलांतराच्या संख्येवरील बंधनही गेले. न्यायालयाने ६ जून २०२५ रोजी मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वर्षाकाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटा देऊ शकतात. सेबन यांनी मार्च २०२४ मध्ये सिनेटच्या एका चर्चासत्रात आपण आयुष्यभर ज्या मूल्यांवर विश्वास ठेवला ती महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात उरली नाहीत, अशी खंत व्यक्त केली. ही खंत प्रामाणिक होती. परंतु जुन्या व्यवस्थेत प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर मिळत असताना खेळाडूला मोबदला निषिद्ध होता, ही बाब अशा स्मरणरंजनातून नेहमी निसटते.

डीबोर यांचा जन्म १९७४ साली साउथ डाकोटातील मिलबँक येथे झाला. सू फॉल्स या लहान महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून २००५ ते २००९ या काळात त्यांनी ७० पैकी ६७ सामने जिंकले. फ्रेझ्नो स्टेटमार्गे ते वॉशिंग्टनला गेले आणि तेथे दोन हंगामांत २५ विजय व केवळ ३ पराभव अशी कामगिरी केली. अर्थात, अननुभवी माणसाच्या हाती गादी दिली गेली असे म्हणता येणार नाही.

प्रशिक्षक बदलल्यामुळे अलाबामाच्या खेळाडूंना नियमानुसार तीस दिवसांची मुभा मिळाली. आदल्या हंगामात पदार्पणातच संघाचा आधार ठरलेला बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला आणि त्याच हंगामात तेथे राष्ट्रीय विजेता ठरला. १९८३ साली पर्किन्स यांच्यासमोर असा प्रश्न उभाच राहिला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये डीबोर यांच्या संघाने जॉर्जियास ४१-३४ असे नमविले आणि अग्रस्थान पटकावले. पुढच्याच आठवड्यात, ५ ऑक्टोबर रोजी, नॅशव्हिल येथे व्हँडरबिल्टने त्यास ४०-३५ असे हरविले. १९८४ नंतर प्रथमच हे घडले होते. वृत्तपत्रांना चाळीस वर्षांपूर्वीचे साम्य दिसले. फरक मात्र अधिक बोलका होता. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया त्याच वर्षी न्यू मेक्सिको स्टेटमधून आला होता. दुबळ्या संघाला एका वर्षात सबळ करणारे हे साधन १९८४ मध्ये कोणापाशीच नव्हते, आणि सेबन यांच्या कारकिर्दीच्या बहुतेक काळात त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपाशीही नव्हते.

पहिल्या हंगामात डीबोर यांनी नऊ सामने जिंकले व चार गमावले. सेबन यांचा अलाबामातील पहिला हंगाम सात विजय व सहा पराभवांचा होता आणि त्यात लुइझियाना-मन्रो या किरकोळ संघाकडून झालेली हारही होती, याचे स्मरण आज फारसे कोणाला होत नाही. अर्थात, सेबन यांना तेव्हा मोडकळीस आलेले घर मिळाले होते. डीबोर यांना भरलेले मिळाले, पण त्याचे दरवाजे सताड उघडे होते. २०२५ चा हंगाम फ्लोरिडा स्टेटकडून १७-३१ अशा पराभवाने सुरू झाला. पुढे जॉर्जियावर त्यांच्याच मैदानात २४-२१ असा विजय मिळाला आणि संघ राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला.

तेथे १ जानेवारी २०२६ रोजी रोझ बोलमध्ये इंडियाना विद्यापीठाने अलाबामास ३८-३ असे नामोहरम केले. फुटबॉलच्या नकाशावर इंडियानाचे नाव त्यापूर्वी क्वचितच घेतले जाई, आणि २०१९ साली डीबोर स्वतः तेथे आक्रमणविभागाचे सूत्रधार होते. इंडियानाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी हे सेबन यांनी २००७ साली अलाबामात जमविलेल्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी एक. आपल्या आधीच्या विद्यापीठातील अनेक खेळाडू सोबत घेऊनच ते इंडियानास आले होते.