मैलांची हुंडी

बार्शी लाइटच्या डब्यातून ज्याने लहानपणीचा सारा प्रवास केला, त्या ढोकीच्या मास्तराने विमानातल्या बिझनेस क्लासचा इतिहास सांगावा, हे वाचकांना थोडे विनोदी वाटेल. मलाही ते तसेच वाटते. परंतु गेल्या वर्षी चैत्रात गोष्टच अशी घडली की, माझा इलाज चालला नाही. पंढरपूरच्या पलीकडे कधी न गेलेली माझी आई मुंबईहून थेट अमेरिकेला गेली, आणि गेली ती बिझनेस क्लासने. त्या वर्गाच्या तिकिटाची किंमत ऐकून आमच्या आळीतल्या लोकांनी कानावर हात ठेवले. तेवढ्या पैशांत इकडे एखाद्या लेकीचे लग्न उरकते! पण खरा नवलाचा भाग पुढेच होता. भाड्याचे पैसे कोणीच भरले नव्हते. माझ्या धाकट्या भावाने ते तिकीट ‘मैलांवर’ काढले होते.

मैलांवर तिकीट म्हणजे काय, हे गावात जो तो मला विचारू लागला. कोणी म्हणे लॉटरी लागली, कोणी म्हणे कंपनीने बक्षीस दिले. शेवटी चौथीच्या वर्गात एका पोराने उभे राहून तोच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र मी शोध घ्यायचे ठरवले. मास्तराला इतर काही नसले तरी उत्तर ठाऊक असावे लागते.

प्रवासाचे म्हणून तीन प्रश्न असतात. किती लांब जायचे, कुठे बसायचे आणि भाडे कोणी भरायचे? माणसाने या तिन्हींची उत्तरे वेळोवेळी निरनिराळी दिली आहेत. आपण पहिल्यापासून आरंभ करू.

लांबच्या प्रवासाचे नाव काढले की आमच्या भागातल्या माणसाने तेरकडे बोट दाखवावे. गोरोबाकाकांचे तेर आम्हांला शेजारचेच. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात तगरचे नाव आले आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगरचे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, आणि तिथून गलबतांत चढून पश्चिमेच्या बाजारांत पोचे. त्या ग्रंथकाराने हे अंतर कोसांत सांगितलेले नाही, दिवसांत सांगितले आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेरहून भडोच म्हणजे बैलांच्या तीस दिवसांच्या धापा. अंतराचे माप तेव्हा श्रमाचे माप होते.

आता दुसरा प्रश्न, बसायचे कुठे? बैलगाडीत हा प्रश्न फारसा येत नाही. तो खऱ्या अर्थाने आणला आगगाडीने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरला जाऊन पोचली. तेव्हापासून ढोकीच्या माणसाला पंढरपूर जवळ आले. पुढे १९५४ मध्ये सरकारने ती कंपनी विकत घेतली, आणि २००७-०८ च्या सुमारास आमच्याकडचे अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले. चढावर गाडी दमली की पोरे खाली उतरून बरोबरीने चालत, अशी तिची थट्टा होई. पण या एवढ्याशा गाडीनेही आम्हांला रेल्वेचा धडा शिकवलाच. गाडी एक, वाफ एक, पोचण्याची वेळ एक; बाके मात्र वेगवेगळी. आई लहानपणी आषाढीला गेली ती तिसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर, तीही मिळाली तर.

या तिसऱ्या वर्गाचे हाल गांधीजींनी स्वतः सोसले आणि १९१७ मध्ये त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता गेला. त्याला दुसरा म्हणू लागले, फळी तीच राहिली. फळी बदलायला एक मराठी माणूस यावा लागला. १९७७ मध्ये प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी पहिल्या वर्गाची शोभा वाढवण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचे काम हाती घेतले. सामान्य माणसाच्या पाठीचा विचार दिल्लीत बसून करणारे मंत्री इतिहासात फार आढळत नाहीत, म्हणून हे दोन इंच मी वर्गात मुद्दाम शिकवतो.

आश्चर्य असे की, नेमक्या त्याच सुमारास आकाशात याच्या उलट खटपट चालली होती. वरच्या आणि खालच्या वर्गांच्या मधोमध एक नवा वर्ग घालायचा होता.

आपल्याकडच्या विमानाचा आरंभ मोठा साधा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला विमान घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रवासी नव्हते, टपाल होती. म्हणजे आपल्या विमानाने प्रथम वाहिली ती दूरच्या माणसांची पत्रे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या वेळी विमानाने विलायतेला जाणे हाच एक वर्ग होता. ज्याला परवडत नसे तो बोटीने जाई. फेटा बांधून कमरेत वाकणारा तो प्रसिद्ध महाराजा बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्येच जन्माला घातला होता. खरे महाराजे संस्थानांसह मावळत असताना हा चित्रातला महाराजा गिऱ्हाइकापुढे वाकू लागला, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

१९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘एम्परर अशोक’, आले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी, वरच्या मजल्यावर बैठकीची खोली, असा थाट. पण जंबोचे खरे कार्य थाटाचे नव्हते. एका विमानात साडेतीनशेच्या आसपास माणसे मावू लागली, आणि एवढ्या खुर्च्या भरायच्या तर भाडे उतरवणे भाग पडले. स्वस्त तिकिटे निघाली. मग कामाकरिता ऐनवेळी पूर्ण भाडे भरून निघालेल्या व्यापाऱ्याच्या शेजारी, त्याच्या निम्म्या भाड्यात सहलीला निघालेले कुटुंब येऊन बसू लागले. व्यापारी कुरकुरला. त्याची समजूत घालण्यासाठी पडदा ओढून मधला कप्पा वेगळा करण्यात आला. पॅन ॲम कंपनीने १९७८ मध्ये त्याला ‘क्लिपर क्लास’ म्हटले, आणि १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने ‘बिझनेस क्लास’ हे नाव पुढे आणले. आरंभी तिथे खुर्ची थोडी ऐसपैस, इतकेच. पाठ टेकून पूर्ण आडवे होता येईल असा पलंग त्या वर्गात आला तो २००० च्या सुमारास, ब्रिटिश एअरवेजने आणला तेव्हा.

राहिला तिसरा प्रश्न, भाडे कोणी भरायचे? इथे आमचे मैल येतात.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले. कंपन्यांची एकच झुंबड उडाली. सगळ्यांची विमाने सारखी, भाडी जवळपास सारखी. मग गिऱ्हाइकाने आपल्याकडेच का यावे? अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या आरक्षणाच्या संगणकात शोध घेतला, वारंवार जाणारी माणसे हुडकून काढली, आणि १ मे १९८१ रोजी त्यांच्यासाठी खाती उघडली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा. पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. थोड्याच दिवसांत इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. यात कंपनीचे जात काय होते? जी खुर्ची रिकामीच जायची, ती दिली तर तोटा थोडा. आणि माणूस मात्र जन्माचा बांधला गेला. शिवाय यात एक गंमत होती. कामाच्या प्रवासाचे भाडे मालक भरी, पण मैल साठत ते नोकराच्या खात्यात. हे सूत्र ऐकून आई म्हणाली, “म्हंजे भाडं मालकाचं अन् पुण्य गड्याचं.” सूत्र याहून थोडक्यात मलाही सांगता आले नसते.

हे मैल म्हणजे एक प्रकारचे खासगी नाणेच. आमच्या भागातल्या वृद्धांना ते समजावणे मला जड गेले नाही. निजामी राज्यात हाली शिक्का चाले आणि बार्शीला इंग्रजांचा कलदार. हालीचे कलदार करताना बट्टा बसे, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका असे तो निराळाच. मैलांचेही तसेच आहे. १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी ‘स्टार अलायन्स’ नावाचा संघ काढला आणि २०१४ मध्ये एअर इंडियाही त्यात गेली; अशा संघांमुळे एका पेढीवर साठवलेली हुंडी दुसऱ्या पेढीवर वटू लागली. वटवायची तर कित्येक महिने आधी तिकीट धरावे लागते, कारण अशा खुर्च्या मोजक्याच सोडतात. कर आणि आकार रोख द्यावे लागतात. ती यांची करोडगिरी! आणि कंपनीच्या मनात आले तर रातोरात मैलांचे मोल उतरते. हाली शिक्का निदान सरकार बदलल्यावर गेला. वर आणखी, मैल मिळण्यासाठी आता उडावेच लागते असेही नाही. बँकेचे कार्ड वापरून दुकानात साबण घेतला तरी ते जमा होतात. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी अंतर मोजणे सोडून खर्चलेले डॉलर मोजायला सुरुवात केली. नाव तेवढे मैलांचे राहिले.

माझ्या भावाचे मैल मात्र जुन्या चालीचे, उडून साठवलेले. अमेरिकेत त्याची नोकरीच तशी. सोमवारी पहाटे विमानाने गिऱ्हाइकाच्या गावी जायचे, गुरुवारी रात्री घरी परतायचे. अशी बारा वर्षे. त्या बारा वर्षांत वडील गेले. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. निरोप मिळाला तेव्हा भाऊ कुठल्याशा परक्या शहरात होता. इथे येऊन पोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडताना. तेव्हापासून आईला आपल्याकडे न्यायचे, आणि तेही त्रास न होता न्यायचे, असे त्याने मनात धरले होते. खात्यातले जवळजवळ सारे मैल त्याने त्या एका जाण्यायेण्यात घातले.

आई नऊवारीत गेली. हातातल्या पिशवीत शेंगाची चटणी, धपाटे आणि स्वतःची वाकळ. परत आल्यावर तिने सगळे सांगितले. खुर्चीचा पलंग झाला तेव्हा तिने त्यावर वाकळ अंथरली. विमानातल्या पोरीने हसून ती नीट केली. पलंग फार मऊ, म्हणून झोप लागेना. मग मांडी घालून ती रात्रभर नामस्मरण करीत बसली. सकाळी पडद्यामागे चक्कर मारून आली, तर “मागं समदी लेकरंबाळं अवघडून बसल्याली,” असे तिने पाहिले आणि तिला संकोच वाटला. दंडवत्यांचे दोन इंच अजून त्या पडद्यामागे पोचायचे आहेत, असे मला तेव्हा वाटून गेले.

तिकडे पोचल्यावर भावाने मोठ्या हौसेने तिला सांगितले, “आई, एवढं लांब आलीस, पण भाड्याचा एक पैसा लागला नाही बघ. फुकटात.”

आईने विचारले, “फुकट कसं रं?”

त्याने समजावले, की मी जितके मैल हिंडलो तितके लिहून ठेवलेले असतात, त्याच्यावर तिकीट मिळते.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग फुकट कशानं, लेकरा? जेवढा लांब ऱ्हायलास तेवढं मोजून घेतलंय की त्येंनी. लई म्हाग पडलं ह्ये तिकीट.”

हे मला भावानेच रात्री फोनवर सांगितले, आणि मग बराच वेळ दोघेही बोललो नाही.

चौथीतल्या त्या पोराला मी अखेर उत्तर दिले. तगरच्या व्यापाऱ्याने वाट दिवसांत मोजली, रेल्वेने ती आण्यांत मोजली, विमान कंपनीने ती मैलांत मोजून खात्यावर मांडली. मात्र घरून निघालेल्या माणसाचे अंतर घरचे माणूस आपल्या हिशेबाने मोजत असते. पोराला किती कळले, ठाऊक नाही. त्याचा बाप पुण्याला बांधकामावर असतो. त्याने विचारले, “गुरुजी, यष्टीचे पण मैल साठतात का?”

साठत नाहीत, असे मी सांगितले. दिवाळीला त्याचा बाप त्याच यष्टीने उभ्याने येणार होता.