खान्देशी वरण-बट्टी : ओळख, प्रमाण आणि कृती

मंडळाच्या हिवाळी स्नेहमेळाव्यात दरवर्षी वरण-बट्टीचा बेत असतो. त्यानंतरचे आठ दिवस आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो, "घरी करायची तर प्रमाण काय?" या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे "अंदाजाने" एवढेच होते. ते एकदाचे आकड्यांत लिहून ठेवावे, म्हणून हा लेख. यात चार नव्हे तर दहा माणसांचे प्रमाण दिले आहे, कारण बट्टी हा दोघाचौघांसाठी करायचा पदार्थ नाही.

ओळख

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे साधारणपणे आजचा खान्देश. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन, तिच्यावर गहू, मका, तूर आणि वांगी. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी या ताटात जे येते ते सगळे याच शेतातले. लग्नाच्या आदल्या दिवशीचे जेवण, देवाचा भंडारा, शेतातली पार्टी, अशा प्रत्येक ठिकाणी हा बेत ठरलेला असतो. तव्यावर पोळ्या लाटत बसायचे तर पाचशे माणसांना दिवस पुरणार नाही. बट्टी मात्र एका वेळी शेकड्याने भाजता किंवा तळता येते, आणि पंगतीला ती सोयीची का, याचे उत्तर त्यात आहे.

बट्टीची भावंडे बरीच आहेत. राजस्थानात बाटी, माळव्यात आधी पाण्यात उकडून मग भाजलेला बाफला, बिहारमध्ये सत्तू भरलेली लिट्टी. आपल्या विदर्भात गोवऱ्यांवर भाजलेले पदर सुटणारे रोडगे. संत एकनाथांच्या भारुडात भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस आहे, तेव्हा महाराष्ट्रात हा प्रकार निदान सोळाव्या शतकापासून ओळखीचा आहे. खान्देशच्या उत्तरेला सातपुडा आणि त्याच्या पलीकडे निमाड-माळवा, त्यामुळे बट्टीत बाटी आणि बाफला या दोघांचेही गुण दिसतात.

आपल्या आमली-सिल्वासा भागात ऐंशी-नव्वदच्या दशकात कारखाने वाढले तशी खान्देशातली बरीच कुटुंबे येथे आली. भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाने सुरत, तेथून वापी आणि मग सिल्वासा, हा रस्ता आपल्यातील अनेकांच्या पाठचा आहे. सोबत काळा मसाला आला, वांग्याचे बी आले आणि बट्टीही आली.

प्रमाण कसे मिळाले

आमच्या मंडळात यावल तालुक्यातून आलेल्या एक ज्येष्ठ काकू होत्या. पन्नास माणसांचे पीठ त्या एकहाती मळत. त्यांना प्रमाण विचारले की त्या हात पुढे करून म्हणत, "याला विचारा." एका वर्षी आम्ही बँकेतली जुनी सवय वापरली. पीठ, तेल, मीठ, पाणी सगळे आधी मोजून त्यांच्यापुढे ठेवले आणि त्यांना नेहमीसारखे हाताने घ्यायला सांगितले. काम झाल्यावर उरलेले पुन्हा मोजले. सुरुवातीची शिल्लक वजा अखेरची शिल्लक म्हणजे खर्च. 5 किलो गहू आणि 1 किलो मका यांच्या पिठाला 750 मिलिलिटर तेल, 100 ग्रॅम मीठ आणि 2.6 लिटर पाणी लागले होते. काकू हे सगळे पाहून हसत होत्या. पुढच्या हिवाळ्यात त्या नव्हत्या. खालचे आकडे त्यांच्याच हाताचे आहेत, फक्त पाचाने भागलेले.

साहित्य (दहा माणसांसाठी)

बट्टी : गव्हाचे जाडसर पीठ 1 किलो, मक्याचे जाडसर पीठ 200 ग्रॅम, मोहनासाठी तेल 150 मिलिलिटर, मीठ 20 ग्रॅम, ओवा 2 चमचे, जिरे 2 चमचे, हळद 1 चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, पाणी सुमारे अर्धा लिटर. यात 80 ग्रॅमच्या बावीस-तेवीस बट्ट्या होतात. माणशी दोन धराव्यात.

वरण : तुरीची डाळ अर्धा किलो, हळद, हिंग, मीठ. फोडणीला तेल किंवा तूप 4 मोठे चमचे, मोहरी, जिरे, लसणाच्या 20 पाकळ्या, हिरव्या मिरच्या 6 ते 8, सुक्या लाल मिरच्या 4, कढीपत्ता, कोथिंबीर.

वांग्याची भाजी : हिरवी वांगी दीड किलो, हिरव्या मिरच्या 10 ते 12, लसणाचा एक मोठा गड्डा, आले बोटभर, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट 100 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस मूठभर, तेल, कोथिंबीर.

वरून : साजूक तूप 250 ग्रॅम, कांदा, लिंबू.

दळण

बट्टी बिघडते ती बहुतेक वेळा गिरणीतच. पोळीचे बारीक पीठ घेतले तर गोळा घट्ट बसतो, आतून चिकट राहतो आणि तूप पीत नाही. पीठ रवाळ हवे, बोटांत घेतले तर कण लागले पाहिजेत. आपल्याकडच्या गिरणीत "बट्टीचे दळण" म्हटले तर कोणाला कळणार नाही. "भाखरीनो करकरो लोट" असे गुजरातीत सांगावे, नेमके तेच मिळते. मका त्याच जाडीचा दळून घ्यावा. गव्हाच्या चिकटपणाला मक्यामुळे आळा बसतो आणि बट्टी खुसखुशीत होते. पण मका सहाव्या हिश्शापेक्षा फार वाढवू नये, गोळा फुटू लागतो.

बट्टीची कृती

1. दोन्ही पिठांत ओवा, जिरे, हळद, मीठ, सोडा मिसळून तेल घालावे आणि हाताने चोळावे. मूठ दाबली तर गोळा टिकला पाहिजे आणि बोटाने टोचले तर फुटला पाहिजे. तसे झाले म्हणजे मोहन पुरेसे झाले.

2. कोमट पाणी थोडे थोडे घालून पुरीच्या पिठाइतके घट्ट मळावे. अर्धा तास झाकून ठेवावे. रवाळ पीठ पाणी हळू शोषते, म्हणून ही अर्ध्या तासाची विश्रांती टाळू नये.

3. यानंतर दोन वाटा आहेत.

तळलेली बट्टी : पिठाचे मनगटाएवढे जाड रोल करून चाळणीत 20 ते 25 मिनिटे वाफवावेत. सुरी घालून कोरडी निघाली की उतरवून पूर्ण गार करावेत. बोटभर जाडीच्या चकत्या कापून मध्यम आचेवर सोनेरी तळाव्यात. गरम असताना कापले तर कडा तुटतात आणि तेलात चुरा पसरतो. सदनिकेत राहणाऱ्यांना हीच पद्धत सोयीची. रोल आदल्या रात्री वाफवून ठेवले तरी चालतात.

भाजलेली बट्टी : गोल गोळे करून वरून अंगठ्याने थोडे दाबावेत. मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून पेटवाव्यात आणि ज्वाळा व धूर पूर्ण बसू द्यावा. निखाऱ्यावर पांढरी राख धरली की गोळे ठेवावेत, दर पाच-सात मिनिटांनी फिरवावेत. सगळीकडून रंग आला की गरम राखेत पुरून ठेवावेत. एकूण 35 ते 45 मिनिटे लागतात. तयार बट्टीला तडा जातो आणि टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. गोणपाटात घालून हलवली की राख झडते.

घरच्या ओव्हनमध्ये 180 ते 190 अंशांवर 35 ते 40 मिनिटे, मध्ये एकदा उलटून, हाच परिणाम बऱ्यापैकी मिळतो. धुराचा वास तेवढा मिळत नाही.

वरण आणि वांगी

डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी, घोटावी आणि गरम पाणी घालून पळीवाढी करावी. बट्टी वरण पुष्कळ पिते, तेव्हा भाताच्या वरणापेक्षा हे पातळच असावे. दहा माणसांना तयार वरण तीन लिटरच्या आसपास लागते. फोडणीत लसूण तांबूस होऊ द्यावा, मग मिरच्या आणि कढीपत्ता. वरणाला एक उकळी पुरे.

वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकावीत. मिरची, लसूण, आले जाडसर ठेचून तेलात परतावे, वांगी घालून झाकण ठेवून शिजवावीत. मऊ झाली की पातेल्यातच रवीने किंवा लाकडी घोटण्याने घोटावीत. शेवटी कूट, खोबरे, कोथिंबीर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती वांगी भाजून भरीत करण्यासाठी, घोटलेल्या भाजीला लहान हिरवी वांगी चांगली. आपल्या बाजारात ती रोज मिळत नाहीत. जांभळी घेतली तर कोवळी घ्यावीत, बिया कमी असतात.

खाण्याची रीत

ताटात बट्टी हाताने चुरावी, आधी तूप, मग गरम वरण. क्रम उलटा झाला तर बट्टीत वरण भरते आणि तूप वर तरंगत राहते. बाजूला भाजी, कांदा, लिंबू. गव्हाच्या प्रथिनांत जो अंश कमी असतो तो डाळ भरून काढते, त्यामुळे हे जेवण पोटभरीचे तसे समतोलही आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या सभासदांनी भाजलेली बट्टी घ्यावी आणि तुपाचा हात आखडता ठेवावा.

शंभर माणसांसाठी

पीठ, डाळ, तेल, मीठ, तूप दहापट. मिरची आणि सोडा मात्र आठपटच घ्यावा. सोडा दहापट घातलेल्या वर्षी आमच्या बट्ट्या निखाऱ्यावर भुगा झाल्या होत्या. त्याआधीच्या पहिल्याच मेळाव्यात आम्ही घाई करून ज्वाळा असतानाच गोळे ठेवले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे पीठ. त्या दिवशी दीडशे माणसे वरण-भात खाऊन घरी गेली. तेव्हा काकू एवढेच म्हणाल्या होत्या, "धूर बसल्याशिवाय हात लावायचा नाही." आता एक सभासद फक्त निखारा पाहायला नेमलेला असतो आणि त्याने सांगितल्याशिवाय कोणी परात उचलत नाही.

गोवऱ्या पावसाळ्याआधीच घेऊन कोरड्या जागी ठेवाव्यात. येथील चार महिन्यांच्या पावसात ओल धरलेली गोवरी नुसता धूर करते. शेजारच्या वलसाड भागात हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला मडकी उलटी पुरून उंबाडियू करणारे दिसतात. त्यांचाही सारा भर कोरड्या जाळावर असतो. पहिल्या फसलेल्या भट्टीनंतर आम्ही तेथे उभे राहून बरेच शिकलो.

एक विनंती

आमच्यातील ज्या तीन भगिनींना पिठाचा हात पक्का ठाऊक होता, त्यांपैकी आता एकच मेळाव्याला येतात. प्रत्येक घरात असा एखादा हात असतो. आपल्या आई, सासूबाई, काकू स्वयंपाक करत असतील तेव्हा एकदा वजनकाटा शेजारी ठेवावा आणि वर सांगितल्याप्रमाणे शिल्लक मोजावी. साबुदाण्याच्या पापडांपासून काळ्या मसाल्यापर्यंत काहीही चालेल. कागदावर लिहून मंडळाकडे द्यावे, आम्ही ते जपून ठेवू. आपल्या घरची बट्टी वरच्या प्रमाणापेक्षा वेगळी असेल तर तेही कळवावे. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नोंदवल्या जातील.