घरातले कलह आणि दलित कथा

ताडकळसची आमची लिहिणारी पोरे कथा दाखवतात, तेव्हा तीत मोर्चा असतो, पाटील असतो, जळालेले खोपट असते. बाप नसतो. असलाच तर तसबिरीतला. आईवर हात टाकणारा बाप लिहायला ती कचरतात. त्यांच्या हाती कोलीत कशाला द्या, हा त्यांचा सवाल. तो खोटा नाही. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर ज्या मुलखात आमच्या वस्त्या पेटल्या, त्या मुलखातला तो सवाल आहे.

प्रस्थापित मराठी कथेतले कुटुंब चार भिंतींचे. सासू-सून, भाऊबंदकी, वाटणी. सारे आतल्या आत. गावकुसाबाहेरच्या घराला ती भिंत होती कुठे? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) जन्मदाता पाटील, आई महार, आजीसोबत राहणारा दादा मुसलमान. तोळा बारा माशांचा. अकरा भरले की उणा. नाते सांगायला इथे सोनाराचा काटा लागतो! बाबुराव बागुलांच्या 'आई' कथेत मुलगा लोकांचे बोलणे ऐकून विधवा आईवरच उलटतो. मुकादमाची सत्ता मायलेकरांच्या मधोमध येऊन बसलेली असते. हा कलह घरगुती म्हणून बाजूला काढताच येत नाही.

आणि जो कलह आपणच घडवला, त्याचे काय? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिले, तेही नवऱ्यापासून लपवून, वीसेक वर्षे. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून आले, १९८६ मध्ये पुस्तक झाले. सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा, कापलेले नाक, सारे त्यात आहे. महारवाड्यातल्या घरांची ही क्रूरता त्यांनी झाकली नाही. स्वतःच्या संसारातली मारहाण मात्र गाळली. तिच्याविषयी त्या पुढे माया पंडित यांच्याशी मुलाखतीत बोलल्या. सगळ्याच बाया सोसत होत्या, एकटीचे काय सांगायचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय.

मला हे उत्तर समजते, पुरेसे वाटत नाही. सगळ्याच सोसत होत्या तर तो इतिहासच झाला, आणि 'मी' गाळून लिहिलेल्या त्या इतिहासात मारणाऱ्याला नाव उरत नाही. कोलीत विरोधकांच्या हाती जाईल, या धाकाने ही बाई लिहायची थांबली नव्हती. वही ती घरातल्याच माणसापासून लपवत होती.