बोटाला लागलेली पाणथरी

“काल लई हुडहुडी भरली व्हती, बाई. परवा बरं व्हतं. त्याच्या आदल्या दिशी पुन्ना थंडी.” ऊसतोडीच्या टोळीतली पोर सांगत होती. १९८०च्या आसपासची गोष्ट. वालचंदनगरजवळच्या एका दवाखान्यात मी नवी नर्स. थर्मामीटर लावला, ९८.४. ‘ताप नाही’ असं लिहून दोन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बैलगाडीत घालून आणली. दातावर दात वाजत होते.

डॉक्टरांनी तिला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले. बेंबीच्या खालून उजवीकडून डाव्या फासळीकडे बोटं सरकवत म्हणाले, “श्वास घे.” श्वासाबरोबर पाणथरीची, म्हणजे प्लीहेची, कड खाली आली आणि बोटाला लागली. “पाणथरी वाढलीय. काल काय म्हणत होती ही?” ते मी लिहिलंच नव्हतं.

केसपेपरवर दोन गोष्टी असतात, तक्रार आणि तपासणी. रोगी सांगतो ते लक्षण, आपल्याला दिसतं वा हाताला लागतं ते चिन्ह. मराठीत आपण दोन्हींना सर्रास ‘लक्षणं’ म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. आयुर्वेदाच्या वाग्भटाने रोगी तपासायच्या तीन वाटा सांगितल्या: पाहणं, स्पर्श करणं आणि विचारणं. चरकसंहितेतले तृतीयक, चतुर्थक ज्वर किंवा आमच्या आयाबायांचा ‘एकांतरा’ ही नावं थर्मामीटरच्या फार आधीची. थंडी कोणत्या दिवशी भरली, हे रोग्याने मोजून सांगितलं तेव्हाच ही नावं पडली.

युरोपात मात्र पुढे चिन्हांचं पारडं जड झालं. ऑएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ मध्ये छातीवर बोटं वाजवून आतला आवाज ओळखायची रीत छापली. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला. रोगी बोलला नाही तरी शरीर बोलू लागलं.

आपल्या मुलखाशी जवळचं नातं सांगणारी गोष्ट डेम्पस्टर या सर्जनची. १८४०च्या दशकात दिल्लीकडच्या यमुना कालव्यांच्या काठी हिवताप किती, हे पाहायला सरकारने नेमलेल्या समितीत तो होता. त्याने गावोगावच्या लोकांची पोटं चाचपली आणि हिवतापात वाढणारी पाणथरी किती जणांची वाढली आहे ते मोजलं. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रॉस या डॉक्टरला सिकंदराबादेत सापडला तो १८९७ मध्ये. डासाचा हात कळायच्या पन्नासेक वर्षं आधी बोटांनी रोग मोजला होता!

कालवा आमच्याकडेही आला. १८७६-७८च्या दुष्काळानंतर भाटघरच्या पाण्यावर नीरा डावा कालवा बारामती-इंदापुरात उतरला. ऊस आला आणि १९३०च्या दशकात कळंबच्या शिवारात उद्योगपती वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला. पाणी मुरून कितीतरी जमिनी चोपण झाल्या. साचल्या पाण्यावर डास होतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

त्या पोरीच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या दिल्या. पाणथरी आदल्या दिवशीही हाताला लागली असती, पण मी हात लावलाच नव्हता. आणि नसती लागली, तरी तिने दिवस मोजून सांगितले होते.

पुढे उलटंही पाहिलं. कोयत्यावरच्या बाया “काय नाय व्हत” म्हणायच्या, कारण खाडा पडला की पैसे कापले जात. डोळ्याची खालची पापणी ओढली की आत कागदासारखी पांढरी. तिथे तक्रारीचा रकाना कोरा राहायचा आणि तपासणीचा भरायचा.

नोकरी संपेपर्यंत मी दोन्ही रकाने भरत गेले. तक्रारीच्या रकान्यात रोग्याचेच शब्द. एका नव्या डॉक्टरांनी हसून विचारलं, “सिस्टर, ‘हुडहुडी’ लिहितात का?” मी म्हटलं, “शेजारी वारही लिहिलाय, तो बघा.”