उणे १९६चा गोतावळा

जुलैतल्या एखाद्या दुपारी भाईंदरला तापमान ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू येतो २६ अंशांवर. म्हणजे २६च्या खाली गेलेली कुठलीही वस्तू घामेजणार: फ्रिजमधून काढलेली बाटली, एसीचा पाइप, आणि हौशी मंडळींनी मुद्दाम गोठवलेला कॉम्प्युटरचा प्रोसेसर. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, गावालगत मिठागरं. अशा ठिकाणी प्रोसेसर उणे १९६ अंशांवर न्यायचा म्हणजे हवेतल्या पाण्याला आवतणच. एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकिंग हा थंडीचा खेळ म्हणून ओळखला जातो. मला तो पाण्याशी चाललेला झगडा वाटतो. आणि त्यातली झाडून सगळी हत्यारं दुसऱ्या धंद्यांकडून उसनी आणलेली आहेत.

प्रोसेसरने सेकंदाला किती ठोके द्यायचे हे कंपनी ठरवून देते. तो आकडा आपल्या जबाबदारीवर वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा या छंदाचा लाडका. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३००ची चिप ४५०वर पळायची, आणि साधा पंखा पुरायचा. त्याच्या पुढे जायचं तर व्होल्टेज चढवावं लागतं आणि व्होल्टेजबरोबर उष्णता चढते. चिप गार केली की ट्रान्झिस्टरमधून फुकट झिरपणारा करंट घटतो. तांब्याचा विद्युतरोध तर उणे १९६ला नेहमीच्या साधारण एक अष्टमांश उरतो.

गोठवून वेग वाढवणं हे हौशी पोरांनी शोधलेलं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात ईटीए सिस्टिम्स नावाच्या कंपनीने १९८७ मध्ये ईटीए-१० हा सुपरकॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या वरच्या मॉडेलांत प्रोसेसरचे बोर्ड थेट उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेले असत. हवेवर चालणाऱ्या स्वस्त मॉडेलला एका ठोक्याला २४ नॅनोसेकंद लागत, नायट्रोजनवाल्या सर्वांत वेगवान मॉडेलला ७. कंपनी १९८९ मध्ये गुंडाळली गेली, पण युक्ती मागे राहिली. २००३च्या डिसेंबरात टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटच्या मंडळींनी नायट्रोजन ओतून पेंटियम ४ला ५ गिगाहर्ट्झच्या पुढे नेलं आणि घरच्या टेबलावर हे जमू शकतं अशी जगभर खात्री पटली. पुढचे विक्रम बहुतेक आकड्यांचेच: २०११ मध्ये एएमडीच्या चिपवर ८.४२९ गिगाहर्ट्झ, २०२२च्या डिसेंबरात इंटेलच्या चिपवर ९च्या वर. त्या दोन्ही वेळी नायट्रोजनही कमी पडला आणि हेलियम आणावा लागला.

नायट्रोजनचं घराणं मात्र जुनं आहे. १८८३ मध्ये क्राकोला व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की या दोघांनी तो भांड्यात स्थिर राहील असा द्रवरूप केला. ठेवायचा कशात, हा प्रश्न लंडनच्या जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये सोडवला: दोन भिंतींचं भांडं, मधे निर्वात पोकळी. पेटंट त्याने घेतलं नाही. थर्मास विकणारी कंपनी निघाल्यावर तो कोर्टात गेला आणि हरला. आजचा ओव्हरक्लॉकर प्रोसेसरवर नायट्रोजन ओततो तो बहुधा स्टीलच्या थर्मासमधूनच.

पण मोठा साठा थर्मासमध्ये राहत नाही. त्यासाठी लागतो अरुंद मानेचा क्रायोकॅन, आणि महाराष्ट्रात त्याचा खरा मालक कॉम्प्युटरवाला कधीच नव्हता. तो होता गावोगाव मोटारसायकलवरून कृत्रिम रेतन करत फिरणारा माणूस. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बायफ ही संस्था उभी केली, आणि गोठवलेल्या रेताच्या कांड्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेण्याचं जाळं तिथून पसरलं. ते कॅन बनवण्याचा कारखानाही आपल्याच नाशकात, पूर्वी आयबीपीचा, आता इंडियन ऑइलचा. गंमत अशी की पशुवैद्यक आणि ओव्हरक्लॉकर एकाच क्रमाने पायऱ्या उतरले. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरॉलची युक्ती सापडल्यावर रेत आधी कोरड्या बर्फात, उणे ७९च्या आसपास ठेवत, मग नायट्रोजनमध्ये. ओव्हरक्लॉकरही आधी कोरडा बर्फ आणि अ‍ॅसिटोन वापरून हात बसवतो, मग नायट्रोजनकडे वळतो. गाईच्या संकराने दूध वाढलं, इथे फक्त आकडा वाढतो, हा फरक आहेच.

प्रोसेसरवर बसतो तो पॉट: लेथवर कातलेला तांब्याचा जाड पेला. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी ढिगाने होतात, पण इथे स्टील कुचकामी, कारण तांबं त्याच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. पेल्याच्या तळाला आतून भोकं आणि पायऱ्या पाडलेल्या असतात, त्याचं कारण योहान लायडेनफ्रॉस्टने १७५६ मध्ये लिहून ठेवलं. तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा टाकला की थेंब वाफेच्या गादीवर नाचतो आणि लवकर उडत नाही. नायट्रोजनला खोलीतलं तांबं तापल्या तव्यासारखंच. म्हणून पृष्ठभाग वाढवायचा आणि घोट घोट ओतत पॉट हळूहळू खाली आणायचा. तळाजवळच्या भोकात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार खोचलेली असते, तिच्यावर नजर ठेवून. काही चिपा उणे शंभराच्या अलीकडेच मान टाकतात. त्याला या मंडळींत कोल्डबग म्हणतात. तसं झालं की ओतणं थांबवून पॉट चढू द्यायचा.

आता खरं काम: बोर्ड तयार करणं. नवखा इथे घाई करतो आणि बोर्ड गमावतो. सूत्र एकच, जिथे हवा पोचणार नाही तिथे दव पडणार नाही. सॉकेटच्या भोवतालचा भाग आधी लाखेसारख्या लेपाने झाकतात. हा लेप लष्करी इलेक्ट्रॉनिक्सचा वारसा, आणि पैसे वाचवायचे तर नेलपॉलिशही चालतं. त्यावर व्हॅसलिन, अगदी सढळ हाताने, स्लॉटच्या फटींतसुद्धा. रॉबर्ट चेसब्रो १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलविहिरी बघायला गेला, तिथल्या पंपांच्या दांड्यांवर साचणारं मेण कामगार भाजल्या-कापल्यावर लावताना त्याने पाहिलं, आणि १८७२ मध्ये शुद्ध करून पेटंट घेतलं. वीज न वाहणारं, फटीत शिरणारं, पाण्याला दाद न देणारं. मदरबोर्डसाठीच केलं असावं असं वाटण्याइतकं चपखल. काहीजण व्हॅसलिनऐवजी चित्रकारांचं मळता येणारं खोडरबर वापरतात. ते कोळशाच्या रेखाटनातला काळेपणा टिपण्यासाठी असतं, इथे त्याची पोळी करून कपॅसिटरांभोवती थापतात. काढायला सोपं, म्हणून माझं मत याच बाजूने.

सर्वांत वर काळा फोम. बंद पेशींचा हा रबरी फोम १९५४ मध्ये अमेरिकेत आर्मस्ट्राँग कंपनीने आणला, तो गार पाइपांना घाम येऊ नये म्हणूनच. मीरा रोडच्या कुठल्याही एसी मेकॅनिकच्या पिशवीत तो असतो, खिडकीबाहेरच्या तांब्याच्या नळीवर चढवलेला आपण रोज बघतो. पॉटच्या मापाचं भोक कापून तो बसवायचा, फटी राहिल्या तर टिश्यू पेपर कोंबायचा, आणि बोर्डच्या मागच्या बाजूला विसरायचं नाही. थंडी तांब्यातून बोर्डच्या पाठीपर्यंत उतरते, आणि पहिला थेंब नेमका तिथे, न दिसणाऱ्या जागी धरतो.

इतकं करून खोलीचा पेच उरतोच. ३०० वॉटचा प्रोसेसर साधारण नऊ मिनिटांत लिटरभर नायट्रोजन उडवतो, आणि एका लिटरचा वायू होतो जवळजवळ ७०० लिटर. दहा बाय दहाच्या बंद खोलीत दहा लिटर संपवले तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६च्या आसपास येतो, १९.५च्या खाली धोका मानतात. नायट्रोजनला ना रंग ना वास, आणि गार असल्याने तो आधी जमिनीलगत पसरतो. खिडक्या उघडाव्यात तर खाडीवरची ओल आत येते, बंद ठेवाव्यात तर एसीने खोली कोरडी होते पण श्वास जातो. यात बोर्डची बाजू घ्यायची नसते: आधी तासभर एसीने खोली सुकवायची, मग दारं-खिडक्या उघडून पंखा जमिनीजवळ बाहेरच्या दिशेने लावायचा, आणि एकट्याने हे करायचं नाही. मीठ पिकवणारे ज्या कोरड्या महिन्यांची वाट बघतात, साधारण डिसेंबर ते मे, तेच यालाही बरे, त्यातही डिसेंबर-जानेवारी.

यंत्र बंद केल्यावर काम संपत नाही. बोर्ड जातात ते बहुधा याच वेळी, कारण पॉटवरचं हिम वितळून सॉकेटकडे ओघळतं. म्हणून पॉट लगेच उपसून काढायचा नाही. हेअर ड्रायरने तो खोलीच्या तापमानाला आणायचा, फोम सोडवायचा, पाणी टिपायचं, आणि बोर्ड रात्रभर पंख्याखाली उभा ठेवायचा. स्लॉटमधलं व्हॅसलिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने काढावं लागतं. पूर्ण निघत नाहीच, आणि तसा तेलकट बोर्ड वॉरंटीत परत न्यायला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दुकानदार तो हातातही घेत नाही.