अकोल्याचा किल्ला कोणी बांधला?

"पोरीला शाळेत घातलेलं नाही" म्हटलं की ऑफिसातल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. दहावीचं काय? (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे ना, तिथून परीक्षा देता येते.) मित्रमैत्रिणी कशा होणार? (होतात हो, सोसायटीत पोरांची काय कमी?) गणित कोण शिकवतं? (बायको. माझ्यापेक्षा बरं शिकवते.) पण खरा अवघड प्रश्न अजून एकानेही विचारला नाही. इतिहास कोण शिकवतं?

उत्तर: मी. शनिवार-रविवारी. आणि मला विचाराल तर घरशाळेतला सगळ्यात धोक्याचा विषय हाच. शाळेत निदान पुस्तक एक सांगतं, बाई दुसरं सांगतात, बाकावरचा शेजारी घरून तिसरंच ऐकून आलेला असतो. घरी मात्र बाप हेच पुस्तक, बाप हाच मास्तर आणि परीक्षकही तोच. आपणच कोड लिहायचा, आपणच तपासायचा आणि आपणच "ओके" म्हणून पुढे ढकलायचा, असला प्रकार! म्हणून मी ठरवलं की मतं शिकवायचीच नाहीत, तपासणी शिकवायची. आणि त्यासाठी लांब जायची गरज नव्हती.

आमचं मूळ घर अकोल्याच्या जुन्या शहरात. माहीत नसलेल्यांसाठी: मोर्णा नदीच्या पूर्वेला ताजनापेठ आणि इंग्रजी अमदानीत वाढलेलं अकोला. पश्चिमेला जुनं शहर, म्हणजे असदगड किल्ला, वेशी, राजराजेश्वराचं मंदिर आणि हिंदू-मुसलमानांची दाटीवाटीची वस्ती. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात त्या इथेच. आणि १३ मे २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दगडफेक, जाळपोळ झाली, एक जीव गेला, तेही इथेच. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. पुढे मार्च २०२५ मध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून हिंसाचार झाला, तेव्हा तिने टीव्हीवर बघून विचारलं, "बाबा, तो तर कधीच मेला ना? मग आता कशाला?" आता पंचाईत अशी की आजोळ-घर एकाच गावात असल्याने वर्षातून दोनदा ज्या किल्ल्याजवळ ही पोर खेळते, तो नेमका औरंगजेबाच्याच काळातला.

तर आम्ही एकच प्रश्न घेतला. हा किल्ला कोणी बांधला?

पहिलं उत्तर घरातच मिळालं. माझे मोठे काका खास वऱ्हाडी ढंगात सांगतात, "सशानं कुत्र्याले पयवलं बापा! अकोलसिंगानं पाह्यलं अन् म्हटलं, हे जागा शुभ हाये." मग त्याने गावाभोवती मातीची भिंत घातली, त्यावरून अकोला. गोष्ट झकास. पण लेकीला मी सांगितलं की अहमदाबाद वसवणाऱ्या अहमदशहाची अशीच गोष्ट सांगतात आणि विजयनगरच्या हरिहर-बुक्काचीही. ससा तोच, कुत्रा तोच. ती म्हणाली, "म्हणजे कॉपी-पेस्ट!" असेल. पण मग पुढचा प्रश्न येतो. गावोगावच्या लोकांना हीच गोष्ट का आवडावी? दुबळा बळकटाला पळवून लावतो, अशा मातीत आपण जन्मलो, हे कोणाला नाही आवडणार? गोष्ट खरी नसली तरी ती सांगणाऱ्यांबद्दल काहीतरी खरं सांगून जाते.

दुसरं उत्तर दहीहांडा वेशीवरच्या लेखातलं. बादशहा औरंगजेब, वजीर नवाब असदखान, हिजरी सन १११४. छापील माहितीत यापुढे कंसात इसवी सन १६९७ असं दिलेलं असतं. इदगाहवरच्या लेखात ख्वाजा अब्दुल लतीफचं नाव आहे, साल १११६, कंसात १६९८.

२०२५च्या दिवाळीत हे घेऊन बसलो. हिजरी वर्ष म्हणजे काय, हे मी सांगण्यापेक्षा तिला शेजारच्या चाचांकडे पाठवलं. "चाचा, तुमचं कोणतं साल चालू आहे?" "चौदाशे सैंतालीस, बेटा." रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का येतो, हेही त्यांनीच समजावलं: वर्ष चंद्राचं, ३५४-३५५ दिवसांचं. मग कॅल्क्युलेटर. १११४ गुणिले ०.९७, अधिक ६२२. उत्तर आलं १७०२. पुन्हा केलं, पुन्हा १७०२. आणि १११६ चं १७०४. शिवाय हिजरीत दोन वर्षांचं अंतर आणि कंसात एकाच वर्षाचं, हे तिचं तिनेच पकडलं. म्हणजे एक तर दगडावरचा आकडा वाचण्यात गडबड आहे, नाही तर रूपांतरात. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. छापलेलं चुकू शकतं, आणि ते आपल्याला घरबसल्या सापडू शकतं, हा शोध लागल्यावर पोरगी दिवसभर हवेत होती :-)

तिसरं उत्तर अगरवेशीवरचं. तिथे मराठीत गोविंद अप्पाजीने १८४३ साली किल्ला बांधल्याचं लिहिलंय. आता बोला! १८०३ मध्ये अडगावच्या लढाईआधी आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला होता, म्हणजे गाव आणि किल्ला तेव्हाही होताच. मग गोविंद अप्पाजी खोटारडा? तसंच नाही. डागडुजी करणाराही "मी बांधलं" म्हणतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. फाइलमधल्या ओळीपुढे शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव येतं, मुळात लिहिणाऱ्याचं नाही. दगडावर नाव कोरायला पैसा आणि सत्ता लागते. दगड उचलणाऱ्याचं नाव कुठल्याच वेशीवर नाही. हा मुद्दा मी काढला नाही, तिने काढला.

आता अवघड भाग. हा असदखान कोण? सुमारे तीस वर्षं औरंगजेबाचा वजीर. त्याच्या मुलाने, म्हणजे पुढच्या झुल्फिकारखानाने, १६८९ मध्ये रायगड घेतला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये संभाजीराजांना औरंगजेबाने हाल करून मारलं. हे मी लपवलं नाही, सौम्यही केलं नाही. काका म्हणाले, "एवढ्याशा पोरीले कायले सांगतं हे?" पण ती हे मोबाइलवर ऐकणारच आहे, आणि तिथे बाजूला बसून प्रश्न विचारणारं कोणी नसेल.

त्यावर तिने जो प्रश्न केला तो ऐकून मी जरा थांबलो. "मग आपण त्या किल्ल्यावर खेळायचं की नाही?"

मी तिला वहीत तीन रकाने पाडायला सांगितले. काय घडलं, का घडलं, आणि मला काय वाटतं. पहिल्यात पुरावा लागतो, दुसऱ्यात तर्क लागतो, तिसरा तुझा. पहिला भरल्याशिवाय तिसरा भरायचा नाही, आणि तिसऱ्यातलं पहिल्यात घुसवायचं नाही. क्रौर्याला क्रौर्य म्हणायचं, पण ते नाव घालून. "त्यांनी" असं मोघम लिहायचं नाही. संभाजीराजांना मारलं ते औरंगजेबाने, चाचांनी नव्हे. आणि औरंगजेबाचा सेनापती म्हणून शिवाजीराजांवर चालून आलेल्या मिर्झाराजे जयसिंगाची छत्री अकोल्याशेजारी बाळापुरातच आहे, तो तर राजपूत. "आपले" आणि "त्यांचे" अशी दोनच खोकी घेतली की यातलं काहीच नीट बसत नाही.

एनसीईआरटीच्या २०२५च्या आठवीच्या पुस्तकातही टीप आहे की गतकाळातल्या घटनांसाठी आज कोणाला जबाबदार धरू नये. टीप चांगलीच आहे. पण टीप वाचून सवय लागत नाही, ती चाचांच्या ओसरीवर हिजरी साल मोजताना लागते. २०२३ च्या त्या रात्रीसारखी पुन्हा एखादी पोस्ट फिरली, तर ही पोर निदान विचारेल: हे कोणी लिहिलं? कधी? कशावरून? एवढं जमलं तर माझा इतिहासाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.

जाता जाता. इंग्रजांनी १८७० च्या सुमारास किल्ला पाडला, आणि १९१०च्या गॅझेटियरात नोंद आहे की मधल्या हवाखान्यात तेव्हा शाळा भरत होती. तिच्या वहीत "किल्ला कोणी बांधला?" खाली सध्या असं आहे: "अकोलसिंग (गोष्ट). असदखानाच्या काळात (१६९७ की १७०२?). गोविंद अप्पाजी (बहुतेक दुरुस्ती). गवंडी (नाव नाही). नवीन काही सापडलं तर बदलीन."

तुमच्या गावच्या वेशीवर काय लिहिलंय, वाचलंय कधी? येत्या सुट्टीत पोरांना घेऊन जा. कॅल्क्युलेटर विसरू नका.