कलम, तुली आणि वर्णिका : कलकत्त्यातील एका साधनाचा इतिहास

भारतीय लघुचित्रांच्या परिभाषेत 'कलम' म्हणजे कुंचला आणि 'कलम' म्हणजेच शैलीही. पहाडी कलम, पाटणा कलम असे आपण म्हणतो, तेव्हा साधनाचेच नाव परंपरेला लाभलेले असते. मराठीत हा अरबी शब्द मुख्यतः लेखणीकडे, कायद्याकडे आणि आंब्याच्या रोपाकडे वळला. चित्रकाराच्या हाती 'कुंचला' राहिला. बंगालीत त्याच वस्तूस 'तुली' म्हणतात. ती संस्कृत 'तूलिके'ची वारस. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात बारीक कामाच्या कुंचल्याची निवड ही केवळ कारागिरीची बाब नव्हती, तर परंपरेच्या निवडीची बाब होती, असे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

या साधनाची चर्चा जुनी आहे. मराठी पदांमुळे आपणांस परिचित असलेल्या 'मानसोल्लासा'त (बारावे शतक) सोमेश्वराने स्थूल, मध्यम आणि सूक्ष्म अशा तीन लेखणी सांगितल्या असून त्यांसाठी वासराच्या कानावरील केस विहित केले आहेत. पुढील काळातील लघुचित्रकारांनी सूक्ष्म कामासाठी खारीच्या शेपटीचे केस पसंत केले. हे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत ओवून बांधले जात. 'एका केसाचे कलम' हा शब्दप्रयोग मात्र अक्षरशः घेता येत नाही. एकटा केस रंग धरून ठेवू शकत नाही. म्हणून बुंध्याशी पुरेसे केस आणि टोकाशी एकच केस, अशी रचना असते. कुंचल्याची पारख केसांच्या संख्येवर नव्हे, तर पोटात रंग किती मावतो आणि ओले टोक कितपत एकवटते यांवर होते. सूक्ष्म ठिपक्यारेघांनी छटा उभी करणारे 'परदाज' अशाच टोकावर अवलंबून असते.

अर्नेस्ट बिनफील्ड हॅवेल 1896 मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले. तेथील युरोपीय चित्रांच्या जागी मोगल लघुचित्रांचा संग्रह करण्याचे त्यांचे धोरण सर्वश्रुत आहे. अवनींद्रनाथ टागोरांचे शिक्षण युरोपीय शिक्षकांकडे झाले होते. मोगल चित्रांशी त्यांचा निकट परिचय हॅवेल यांच्यामुळे वाढला. या परिचयातून 1902 मध्ये 'शाहजहानचा अंतकाळ' हे चित्र आले आणि दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे : लघुचित्राचा पुनर्जन्म म्हणून गौरविले गेलेले हे चित्र तैलरंगात आहे. विषय आणि रचना मोगल होती. साधन युरोपीय होते. परंपरा डोळ्यांपर्यंत पोहोचली होती, हातापर्यंत नाही.

तो हात याच कलाशाळेत लवकरच आला. पाटणा कलमाच्या घराण्यातील ईश्वरी प्रसाद हे हॅवेल यांच्या काळात तेथे शिक्षक झाले. पाटण्याचे चित्रकार पेन्सिलीची बाह्यरेषा न आखता थेट कुंचल्याने चित्र काढीत. साहजिकच कुंचला बनविणे आणि पारखणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. ईश्वरी प्रसाद यांच्यासमवेत ही विद्या घराण्यातून वर्गात आली.

याच सुमारास, 1903 मध्ये, योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. ताइकान यांचा पाण्याने भिजलेला रुंद कुंचला पाहून अवनींद्रनाथांनी संपूर्ण चित्रच पाण्यात बुडविण्याची पद्धत काढली. तीक्ष्ण रेषेच्या जागी विरघळणारी कडा आली. नव्या बंगाली चित्राची ओळख या धूसरतेने ठरली. तिच्यात खारीच्या केसाचे काम दुय्यम झाले.

तौलनिक अभ्यासकांच्या दृष्टीने यापुढील घटना अधिक महत्त्वाची आहे. 'कामसूत्रा'वरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे येतात. त्यांतील शेवटचे 'वर्णिकाभंग'. कोशांत 'वर्णिका' शब्दाचे रंगद्रव्य आणि लेखणी असे दोन्ही अर्थ आढळतात. सामान्यतः रंगयोजना असा घेतला जाणारा हा शब्द अवनींद्रनाथांनी 'भारतशिल्पेर षडंग' या लेखनात (1914 च्या सुमारास) रंग आणि तुली या दोहोंवरील प्रभुत्वापर्यंत विस्तारला. यशोधराच्या टीकेत हे अंग केवळ नामनिर्देशापुरते आहे. कलकत्त्यातील भाष्यकाराने त्यात हाताचा अनुभव भरला. भाषांतर येथे केवळ शब्दांचे नसून साधनाचे आहे, असे म्हणता येईल.

तथापि या भाष्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अवनींद्रनाथ लेखक होते. त्यांची तुली ग्रंथात आली. ईश्वरी प्रसाद यांची माहिती मात्र मिल्ड्रेड आर्चर यांच्या पाटणा चित्रकलेवरील इंग्रजी पुस्तकातून (1947) आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणजे दुसऱ्याच्या भाषेत आणि घराण्याच्या अखेरीस. एकाच शाळेतील दोन हातांपैकी ज्याच्या हाती लेखणीही होती, त्याचा इतिहास सिद्धान्त ठरला. ज्याच्या हाती केवळ कलम होते, त्याचा इतिहास माहिती ठरला. बंगाली कलाविचाराचे वाचन करताना हा भेद विसरला, तर 'वर्णिका' या शब्दातील अर्धा अर्थच आपल्या हाती राहतो.